पडवीतली पोरं

आमच्या घरात महाडची गोष्ट चवदार तळ्यापासून सुरू होत नसे. ती सुरू व्हायची एका अकरा वर्षांच्या पोरानं वर्तमानपत्राला पाठवलेल्या पत्रापासून. आजा म्हणायचा, तळ्यावर गेले ते सगळे जाणते, मिशा फुटलेले. पण त्यांच्या आधी तेरा वर्षं एक पोर त्याच महाडात एकटं भांडून आलं होतं, त्याचं कोण सांगत नाय. एवढं बोलून तो चष्मा काढायचा आणि बंडीच्या टोकानं पुसायला घ्यायचा. आता अर्धा तास तरी कोणी उठायचं नाही, ही त्याची खूण होती.

त्या पोराचं नाव रामचंद्र बाबाजी मोरे. पुढे मुंबईच्या कामगारवस्तीनं ज्यांना कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखलं, तेच. जन्म १९०३ चा, महाडजवळच्या लाडवलीतला, शाळा दासगावची. आजाची वाडी तिथून फार लांब नव्हती.

दासगाव सावित्रीच्या खाडीकाठी. महारवाड्यात पलटणीतून पेन्शन घेऊन परतलेली माणसं होती, आणि ही साधी गोष्ट नव्हे. बॉम्बे आर्मीच्या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना शिकवायची सोय असे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यामुळे कोकणातल्या काही महारवाड्यांत कागद वाचणारं, अर्ज खरडणारं माणूस सापडायचं. दासगावला तर गोपाळबाबा वलंगकर राहून गेलेले. पलटणीतून निवृत्त झालेल्या या माणसानं १८८८ साली विटाळाला शास्त्राधार काय, असा जाहीर जाब विचारणारी पुस्तिका छापली होती. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणारेही तेच. गोपाळबाबा १९०० मध्ये गेले. तीन वर्षांनी जन्मलेल्या रामचंद्राला ते भेटले नाहीत, पण त्यांनी लावलेली अर्ज लिहायची सवय त्या गावात मागे राहिली होती.

रामचंद्र हुशार. अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा दिली, तीत पास झाला. साल १९१४. आता पुढचं शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत. शाळेनं नकार दिला. शाळा ज्या घरात भरे त्या घराच्या मालकाला विटाळ चालत नव्हता. एरवी गोष्ट इथं संपायची. हजारो पोरांची इथंच संपली. या पोरानं मात्र पत्र लिहिलं, आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं. पत्रात त्यानं रडगाणं गायलं नव्हतं. मुद्दा पैशाचा होता: ही शाळा सरकारी अनुदान घेते आणि अस्पृश्याला दार बंद करते, तर तिचं अनुदान बंद करा. छापल्यावर दार उघडलं. बसायची जागा मात्र बाकीच्या मुलांपासून वेगळी.

आजाच्या सांगण्यात ती जागा नेहमी खिडकीशी असायची, आणि खिडकीच्या गजांची संख्या दर खेपेला वाढायची. आम्ही टोकलं तर म्हणे, ‘गज मोजाय तू गेलती काय?’

या पत्रामागे एक जुना नियम उभा होता, आणि तोही एका मुलानंच मिळवलेला. हे मी नंतर वाचलं. आजाला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तर त्यानं त्यावर आणखी अर्धा तास घेतला असता. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत घ्यावं म्हणून एका महार मुलानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. जुलैत निर्णय आला. त्याचा मथितार्थ असा, की न्याय अर्जदाराच्या बाजूनं आहे खरा, पण याला आत घेतलं तर बाकीचे बाहेर पडतील आणि एकापायी साऱ्यांचं शिक्षण बुडेल. प्रकरण कलकत्त्याला गेलं, तिथून लंडनला. कलकत्त्याच्या सरकारला मुंबईचा निर्णय पटला नाही. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी ठरवून टाकलं, की सरकारी शाळा जातपात न पाहता सगळ्यांना खुल्या राहतील. पुस्तकांत त्या मुलाचा उल्लेख ‘एक महार मुलगा’ एवढाच येतो. त्याच्या अर्जावर तीन शहरांतल्या साहेबांनी शाई खर्च केली, आणि नियम झाला.

नियम झाला म्हणून दार उघडलं असं नाही. सरकार तत्त्व मान्य करी आणि अंमलबजावणी गावावर सोडून देई. साताऱ्याच्या शाळेतलं भीमरावाचं गोणपाट, आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात तो फळ्याकडे गणित सोडवायला निघाला तेव्हा फळ्यामागचे डबे उचलायला उडालेली पोरांची झुंबड, या गोष्टी आता घरोघरी माहीत आहेत. त्या घडल्या तेव्हा नियमाला चाळीसेक वर्षं होऊन गेली होती.

आजाच्या गोष्टी मी ऐकल्या त्या मनवेलपाड्यात. वरळीच्या बीडीडी चाळीतली एकशे साठ चौरस फुटांची खोली वाढत्या कुटुंबाला पुरेना, म्हणून नव्वदच्या सुमाराला आम्ही विरार पूर्वेला आलो. तेव्हा जीवदानीच्या डोंगराकडे बघितलं की मध्ये भाताची खाचरं दिसत. घाईघाईनं उठवलेल्या चाळी, वर पत्रे, आणि पाणी टँकरचं. टँकर कधी येईल याचा नेम नसे. हंडे-कळशा ओळीनं लावून पोरांनी राखण बसायचं आणि आजानं पोरांच्या राखणीला. शेजारपाजारही आमच्यासारखाच, मुंबईतल्या कुठल्या ना कुठल्या चाळीतून उठून आलेला: कोणी लालबागचं, कोणी माटुंगा लेबर कॅम्पचं, एक घर नाशिकचं. सकाळी ज्याला त्याला लोकल पकडायची घाई, त्यामुळे दिवसा पाडा म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या ताब्यात असे.

एकदा धाकटा भाऊ म्हणाला, बघा आजा, इथं सगळ्यांना एकाच नळीचं पाणी. शाळेत नुकतंच काहीतरी शिकून आला असावा. आजा म्हणाला, ‘टँकरवाल्याला काय, त्याला फेऱ्या मोजायच्या. खोली बघाया गेलो तवा आडनाव इचारलं का नाय?’ विचारलं होतं. दोन ठिकाणी खोली रिकामी होती आणि आडनाव ऐकल्यावर ती कोणा नातेवाईकासाठी राखून ठेवलेली निघाली होती. आजानं त्याचा राग धरला नाही. म्हणजे निदान आमच्यासमोर दाखवला नाही. लगेच चाळीस रुपयांवर आला.

चाळीस रुपये म्हणजे पाणी. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा तिथं जमलेल्या लोकांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं गावात भरलेलं. त्या तळ्यावर गुरं पीत. मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ सालीच मंजूर झालेला, महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ मध्ये आपलं तळं खुलं असल्याचं ठरवलेलं. पुन्हा तेच, कागदावर खुलं.

आणि ही परिषद महाडात भरावी, बाबासाहेबांनी तिथं यावं, म्हणून जो माणूस मागे लागला होता तो म्हणजे तोच खिडकीशी बसलेला पोरगा, आता चोवीस वर्षांचा. मधल्या काळात रामचंद्रानं महाडच्या बाजारात एक भलतंच काम करून ठेवलं होतं. पंचक्रोशीतली अस्पृश्य माणसं बाजाराला येत, लाकडं-गवत विकत, आणि घोटभर पाण्यावाचून उन्हात परत जात. त्यानं पलटणीतल्या एका पेन्शनर माणसाला गाठून त्यांच्यासाठी चहाचं दुकान काढायला लावलं. तिथं पाणी मिळे, बसायला जागा मिळे, आणि पोरगा वर्तमानपत्र वाचून दाखवी, अर्ज लिहून देई. परिषदेला गावोगावचे लोक नुसत्या हाकेसरशी आले असं आपण वाचतो, तेव्हा या दुकानातल्या बाकड्यांचा विचार कोणी करत नाही. मला तरी त्या परिषदेची सुरुवात तिथं दिसते.

बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदलंय, की पंधरा वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत लोक खांद्याला भाकरी बांधून शंभर-शंभर मैलांवरून पायी आले होते. आजा तेव्हा सहा वर्षांचा. त्याच्या बापानं त्याला नेलं नाही. ‘रडलो, लोळलो, तरी नाय नेलं.’ ऐंशीच्या घरात आल्यावरही ही तक्रार ताजी होती. बाप दोन दिवसांनी परतला तो डोक्याला फडकं बांधून. तळ्याचं पाणी पिऊन लोक मंडपात आले, जेवायला बसले, आणि गावात कोणी तरी उठवलं की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. काठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. पुढे तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या एकशे आठ घागरी ओतून ते शुद्ध करून घेण्यात आलं. ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठरावही मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल लोकांच्या बाजूनं लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. तोवर आजा सोळा वर्षांचा होऊन मुंबईच्या गोदीत हमाली करत होता.

पण त्याला सांगायचं असे ते याच्या अलीकडचं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना बजावलं होतं, की मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळंपाकं मागणं सोडा. मोठ्यांच्या इतिहासात हे एका ओळीत मावतं. घरात मात्र ते रोज संध्याकाळी पाळायचं होतं, आणि पाळायचं होतं पोरांनी. कारण दिवेलागणीला टोपलं घेऊन गावात भाकरी मागायला जाई ते पोरगंच. बाप दिवसभर वेठीला, आई गवताच्या भाऱ्याखाली. दारोदार ‘जोहार मायबाप’ म्हणत उभं राहायचं काम सहा-सात वर्षांच्या जिवाकडे. आजाची थोरली बहीण नऊ वर्षांची. ती टोपलं घ्यायची आणि आजा मागून काठी घेऊन कुत्री हाकायचा. बाप परतला त्या संध्याकाळी बहिणीनं टोपलं उचललं, कोंबडी धरली आणि तिच्यावर ते पालथं घातलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. बाप बघत राहिला.

इथं आजाचा आवाज चढायचा, कारण पुढे भूक होती. गावानं वाण्याचं दुकान बंद केलं, मळणीचं काम बंद केलं. उन्हाळा कसाबसा गेला. पावसात करांदे उकडून खाल्ले, नाचणीची पेज इतकी पातळ की तीत आपलं तोंड दिसायचं. बहिणीला एकदा भुकेनं घेरी आली तर शेजारची म्हातारी म्हणाली, जाऊ दे पोरीला गावात, कोण बघतंय. ती गेली नाही. आजाला विचारलं, तुला जावंसं वाटलं? म्हणाला, ‘मला तर रोज वाटायचं.’ हे त्याचं उत्तर मला फार आवडतं. त्यानं स्वतःला शूर करून घेतलं नाही. शूर होती ती बहीण. ती पुढे बाळंतपणात गेली.

आणि शाळा. पुढच्या वर्षी बापानं त्याला गावच्या शाळेत घातलं. वर्ग आत, हे दोघं-तिघं पडवीत. मास्तर पाटी हातात घेत नसत, लांबून बघत, चूक दिसली की खडा भिरकावत. कोकणातला पाऊस, वळचणीचं पाणी थेट पाटीवर. लिहिलेलं वाहून जाई आणि लिहिलंच नाही म्हणून पुन्हा खडा. कौलांवर पावसाचा आवाज असा, की आतलं बोलणं ऐकू येत नसे. पाढे ही पोरं आतल्या मुलांच्या तोंडांकडे बघून म्हणत. दोन इयत्ता अशा झाल्या. मग कोणी चुलता मुंबईला निघाला होता, त्याच्याबरोबर आजाही निघाला.

मनवेलपाड्यातल्या आमच्या ओट्यावर दुसरा वक्ता म्हणजे काका. काका वरळीत दलित पँथरच्या दिवसांत वाढलेला. १९७४ च्या जानेवारीतली वरळीची दंगल त्यानं शाळकरी वयात पाहिली होती आणि चिल्ल्यापिल्ल्यांनी गॅलरीतून गॅलरीत निरोप कसे पोचवले ते तो रंगवून सांगे. पण त्याचं खरं प्रेम अमेरिकेतल्या काळ्या माणसांवर. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या संघटनेनं नावच तिकडून घेतलेलं, आणि जोतीबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामीविरुद्ध लढलेल्यांना अर्पण केली होती, हे काका दर खेपेला अशा थाटात सांगे की जणू ती अर्पणपत्रिका त्याच्याच हातून छापून गेली.

त्याच्याकडून बर्मिंगहॅमची गोष्ट ऐकली. अलाबामा राज्यातलं शहर. दुकानं, शाळा, पाण्याचे नळ, सगळं गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. १९६३ च्या वसंतात मार्टिन ल्यूथर किंग यांची चळवळ तिथं अडली होती, कारण मोठी माणसं तुरुंगात गेली की नोकरी जाई, घरभाडं थकत असे. जेम्स बेव्हेल नावाच्या तरुण कार्यकर्त्यानं हिशेब मांडला: पोरांना नोकरी नाही, मालक त्यांना काढून टाकणार नाही. २ मे ला शेकडो मुलं वर्ग सोडून सिक्स्टीन्थ स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये जमली आणि तुकड्या-तुकड्यांनी गात बाहेर पडली. पोलिसांनी गाड्या भरभरून नेली. दुसऱ्या दिवशी आणखी आली. मग बुल कॉनर या अधिकाऱ्यानं बंबाच्या पाण्याचे झोत आणि कुत्री सोडली. ऑड्री फे हेंड्रिक्स नावाची नऊ वर्षांची मुलगी आठवडाभर कोठडीत होती. तुरुंग भरले, मग जत्रेच्या मैदानावर पोरांना कोंडलं. आठवड्याभरात शहरातल्या व्यापाऱ्यांना तडजोड करावी लागली.

काका हे सांगताना उभा राही. पाण्याचा झोत कसा लागतो ते दाखवायला मला मागे ढकली. एकदा आजी तांदूळ निवडत ऐकत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, ‘आन् आईबापांनी सोडलं कसं पोरांना?’

काकाची पंचाईत झाली. हा प्रश्न आजीचा एकटीचा नव्हता. तिकडेही तो विचारला गेला होता. खुद्द किंग आधी कां-कूं करत होते. माल्कम एक्स यांनी तर मुलांना पुढे करणं हा पुरुषार्थ नव्हे, अशी उघड टीका केली. काकानं बेव्हेलचा नोकरीचा हिशेब पुन्हा सांगितला. आजीला तो पटला नाही. म्हणाली, नोकरीपायी पोर कुत्र्यापुढं? उत्तर दिलं ते आजानं, तेही विडी शोधता शोधता. ‘शाळेची लढाई बापाला लढताच येत नाय. बाप बसल काय चौथीच्या वर्गात?’

मी या वाक्याशी बरीच वर्षं भांडले आहे. पोरांना लढाईत ओढू नये हे मला अजूनही वाटतं. पण आजाचं म्हणणं खोटं पाडता येत नाही. तळ्यावर बाप जाऊ शकतो, कोर्टात बाप जाऊ शकतो. वर्गातली जागा मात्र ज्याचं वय त्या वर्गाचं असेल त्यालाच घेता येते. कायदा कोणी का करेना, तो खरा आहे की खोटा हे तपासायला शेवटी पाटी-दप्तर घेऊन एक लहान मूलच आत पाठवावं लागतं. ते मूल परत येईपर्यंत घरातल्यांनी दाराकडे बघत बसायचं.

आणि एक फरक काकाच्या लक्षात येत नसे. बर्मिंगहॅमची मुलं घोळक्यानं गेली. तोंडी गाणं होतं, शेजारी मैत्रीण होती. आमच्याकडची पोरं एकेकटी गेली. एका गावात एक, फार तर दोन. त्यांचा फोटो कोणी काढला नाही. आमच्या पोरांच्या जवळची वाटते ती न्यू ऑर्लिन्सची सहा वर्षांची रूबी ब्रिजेस. १४ नोव्हेंबर १९६० ला केंद्र सरकारचे मार्शल तिला गोऱ्यांच्या शाळेत घेऊन गेले, तेव्हा गोऱ्या आईबापांनी आपली मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री या एकट्या शिक्षिकेनं तिला ते वर्षभर रिकाम्या वर्गात शिकवलं. ती आत एकटी, आमचा रामचंद्र बाहेर एकटा. तिच्यापाशी सरकारचे मार्शल होते. याच्यापाशी एक पत्र, आणि तेही स्वतःच लिहिलेलं.

मुलींचं म्हणाल तर या सगळ्यांच्या कितीतरी आधी पुण्यात एक मुलगी बोलून गेली आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, चौदा वर्षांची, मांग समाजातली. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’नं दोन भागांत छापला. धर्म, पेशवाई, भूक, बाळंतपण, सगळ्यांचा हिशेब त्यात तिनं मागितला आहे. ओट्यावर मी तो एकदा वाचून दाखवला. आजी अंगठेबहाद्दर, वरळीत रात्रीच्या वर्गात सही शिकली तेवढीच. बाळंतिणीच्या अंगावर छप्पर नसल्याचा भाग आला तेव्हा तिनं पुन्हा वाचायला लावला, आणि मग विचारलं, ही पोर पुढं शिकली का? काका म्हणाला, तिनं लिहिलं हेच मोठं. आजीला ते उत्तर वाटलं नाही, तसं ते नव्हतंही.

नाशिकच्या घरातल्या आत्याबाईंची गोष्ट लहानशी. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात त्यांची आई गेली होती. २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो सत्याग्रह, दादासाहेब गायकवाड पुढारी, बायकाही दारापाशी बसायच्या. आत्याबाई तेव्हा आईच्या कडेवर. त्यांना देऊळ आठवत नाही, रथ आठवत नाही, रामनवमीची दगडफेक आठवत नाही. पायांखालचा तापलेला फरशीचा दगड तेवढा आठवतो. तरी दर रामनवमीला त्या सांगत, ‘मी पण होते हां सत्याग्रहात.’ आणि आजा मान डोलवी, कारण त्याला कोणी नेलं नव्हतं.

मोरे पुढे बाबासाहेबांचे सहकारी राहिले आणि त्याच वेळी कम्युनिस्टही झाले. दोन्हीकडच्या लोकांची बोलणी खात त्यांनी आयुष्य काढलं. १९६५ मध्ये ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू केलं. ११ मे १९७२ ला ते गेले. स्वतःची हकिकत त्यांनी लिहायला घेतली होती ती अर्धीच राहिली; मुलानं, सत्येंद्र मोरे यांनी, ती पूर्ण करून छापली. आजानं ते पुस्तक पाहिलं नाही. त्याच्याकडे होती ती तोंडी आवृत्ती, गज वाढलेली.

आजा गेल्यावर काही वर्षांनी धाकट्या भावाच्या मुलीची बारावी झाली. तोवर मनवेलपाड्याला नळ आले होते, खाचरांच्या जागी सात-सात मजले उभे होते, आणि ठाण्याचा हा तुकडा पालघर जिल्हा झाला होता. इंजिनिअरिंगला जायचं तर जात पडताळणी हवी. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आमचा बाप १९५१ चा, वरळीत जन्मलेला. म्हणजे उरला आजा, आणि आजाचा एकच कागद असू शकत होता. भाऊ आणि मी एसटीनं महाडला गेलो, तिथून त्याच्या गावच्या शाळेत. शाळा आता जिल्हा परिषदेची, पडवीला जाळी लावून तिथं पोषण आहाराची पोती ठेवलेली. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी लोखंडी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, वाळवी झटकली आणि म्हणाले, मोडी आहे, वाचणारा गाठावा लागेल. गाठला. त्यानं बोट ठेवून आजाचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, जात वाचली. ज्या शब्दापायी त्याला आत घेतलं नव्हतं, त्या शब्दाची साक्षांकित प्रत आम्ही पैसे भरून घेतली, आणि ती मिळाली म्हणून पेढे वाटले.

शेवटचा रकाना शाळा सोडल्याच्या कारणाचा. त्यात एकच शब्द: गैरहजर.

मनवेलपाड्याला आल्यावर भावाच्या मुलीनं तो उतारा आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. आजीला कमी ऐकू येई, म्हणून दोनदा. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती चिडलीच. ‘गैरहजर कसला? पडवीत होता की. हजेरी आत घ्यायचे, पावसात पोरांना ऐकू यायचं नाय.’ मग तिनं नातीला सांगितलं, की साहेबाला सांग, हे खोडून नीट लिही म्हणावं. मुलीनं खरंच बापाला विचारलं, अशी दुरुस्ती होते का, कुठे अर्ज करायचा असतो. भाऊ मोबाईलवर फाईलचा आकार कमी करत बसला होता. म्हणाला, आधी हे चढवू, शुक्रवारी मुदत संपते. मग तू बस अर्ज लिहीत.